बेबीबाईचा उजवा हात

बेबी नावाची बाई पन्नाशीची, थोराड हाडाची आणि भोंग्यासारख्या आवाजाची असू शकते, हे वऱ्हाडाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे गल्लीगल्लीत एक बेबी सापडते. अकोल्यात आमच्या गल्लीत होती तिला सगळे बेबीबाई म्हणायचे. दारात ती यायच्या आधी तिचा आवाज स्वयंपाकघरात पोचलेला असायचा. "मास्तरीनबाई, काय करपून राहिलं वो?" काहीही करपत नसायचं. पण मी धावत आत जायची, आणि मी परत येईपर्यंत ती पंख्याखालची जागा पकडून बसलेली असायची.

"काही करपत नाहीये!"

"मंग चांगलं हाये न. चहा ठेवा."

दिवाळीपासून उन्हाळा लागेपर्यंत ती जिनात जायची. जिन म्हणजे कापसातली सरकी वेगळी काढायचा कारखाना. हंगाम संपला की आमच्याकडे धुणी-भांडी. हंगामात ती संध्याकाळी गल्लीत शिरायची तेव्हा केसांत, भुवयांत, पापण्यांतसुद्धा कापूस असायचा, आणि त्या अवतारात ती माझ्यापुढे उभी राहून म्हणायची, "पाहा, तुमच्याहून म्हातारी झाली का नाही मी? आता पाया पडा माह्या."

मी तेव्हा साठीची होते. म्हणजे पोरवयातच. मुलींच्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली, कडक खळीची सुती साडी, खांद्याला चामडी पर्स, आणि जगातला कोणताही प्रश्न आपण शुद्ध मराठीत समजावून सांगितला की सुटतो असा ठाम विश्वास. आज पंच्याहत्तरी ओलांडल्यावर त्या बाईकडे पाहते, तर तिला एक गुण कमी करून नापास करावंसं वाटतं.

बेबीबाई खोटं फार सुंदर बोलायची. स्वार्थासाठी नाही, हौसेखातर. भाजीवाल्याला तिनं सांगून ठेवलं होतं की मी तहसीलदाराची मावशी आहे. तो बिचारा मला कोथिंबीर जास्त द्यायचा. एका पाहुण्याला तिनं सांगितलं, मास्तरीनबाईच्या घरातलं पाणी पिऊन पोरं पास होतात. नवरा तिचा कधीच वारला होता, पण त्याच्या मरणाच्या तीन वेगवेगळ्या कहाण्या मी स्वतः ऐकल्या आणि तिन्ही वेळा रडले. म्हणून तिचं एकच खोटं तिच्या मुळावर आलं, आणि तेही तिचं नव्हतंच, याचा मला अजून संताप येतो.

जिनात सरकी पुढं ढकलायला एक लांबच लांब लोखंडी पेच फिरत असतो. त्यावर झाकण हवं. ते झाकण तिथं होतं, पण भिंतीला टेकवून ठेवलेलं. कापूस अडकला की दर वेळी नट काढा, झाकण उचला, परत लावा, एवढा वेळ कोणाला आहे? यंत्र बंद करून मगच हात घालावा, असं भिंतीवर लाल रंगात लिहिलेलं होतं. आणि यंत्र बंद झालं की मुकादम ओरडायचा. म्हणजे पाटी पाळायची की मुकादमाचं ऐकायचं, हे बायांनी आपापसात ठरवायचं. बेबीबाईनं मुकादमाचं ऐकलं. उजवा हात कोपरापासून गेला.

हा मुकादम, बंडू, तिचा मानलेला भाऊ होता. ती त्याला राखी बांधायची. बांधायची म्हणजे नुसती बांधून यायची नाही, तर नात्यातला सगळा हक्क वसूल करायची. त्याची बायको कांता जिनात तिच्या शेजारीच उभी राहून काम करायची. तिला ही वयनी म्हणायची आणि नणंदेच्या थाटात तिच्या पुरणात साखर कमी आहे, तिच्या पोराचं नाक वाहतंय, असे शेरे मारायची. कांता अबोल बाई. ऐकून घ्यायची आणि पुढच्या सणाला पुन्हा पहिली पोळी हिलाच वाढायची.

दवाखान्यात पोलीस जबाब घ्यायला यायच्या आधी बंडू खाटेशी येऊन बसला. हे सगळं मला तिनंच पुढं सांगितलं, आणि या वेळी एकदाच, एकाच पद्धतीनं.

"बेबे, जिनाचं नाव नोको घेऊ. घरी कडबा कापता कापता यंत्रात गेला म्हन. शेठ तुले जलमभर अंतर नाही देनार. माही मुकादमी जाईन न माय."

आणि तिनं तसं सांगितलं. कडबा कापायच्या यंत्रात हात गेला, घरी. पोलिसानं लिहून घेतलं, तिच्या डाव्या अंगठ्याला शाई लावली.

मी तिच्यावर ओरडले, "पण का सांगितलंस असं? कावून?"

ती म्हणाली, "भावानं मांगतलं वो. दर राखीले थो मले लुगडं देते. इतक्या सालात त्यानं मले कदी काही मांगतलं नोतं."

शेठनं अंतर दिलं. जिनाच्या फाटकावरचा माणूस तिला रोज सांगायचा, शेठ बाहेरगावी आहेत. गाडी आत उभी दिसायची. तिच्या जागेवर दुसरी बाई उभी राहिली, झाकण तसंच भिंतीला टेकलेलं. तेव्हा मी ठरवलं की आता आपण लक्ष घालायचं. खळीची साडी नेसले आणि जिनात गेले. माझ्यासाठी शेठ गावात होते. उठून उभे राहिले, खुर्ची दिली, म्हणाले, "मॅडम, माझी मुलगी तुमच्याच हाताखाली शिकली." मी विरघळले. मग ते हळू आवाजात म्हणाले की आमच्या हजेरीवर या नावाची बाईच नाही, पण माणुसकी म्हणून काहीतरी पाहू. मला ते फार सुसंस्कृत वाटले. परत येऊन मी बेबीबाईला म्हटलं, माणूस चांगला आहे.

तिनं विचारलं, "चहा देल्ला का?"

"दिला."

"अद्रक होतं?"

"होतं."

"मंग झालं. माह्या हाताचा चहा तुमी पिऊन आल्या."

पुढं पुष्कळ दिवस मी अद्रक घातलं नाही. मूर्खपणाच तो, चहाचा काय दोष?

त्या वर्षी राखीला ती बंडूकडे गेली. मी म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "त्याचं मन मले भेटलं की निवते. लाजून राहिला असन." मला बरोबर नेलं, ताट धरायला. तिनं डाव्या हातानं राखी त्याच्या मनगटावर ठेवली, दोऱ्याचं एक टोक दातात धरलं, मान वाकडी केली आणि गाठ ओढली. पहिल्यांदा सुटली. दुसऱ्यांदा बसली. बंडू जमिनीकडे पाहत होता. कांता पदर तोंडाशी घेऊन आत निघून गेली. लुगडं मिळालं. शेठचं नाव कोणी काढलं नाही.

मग माझ्यातली शहाणी बाई पुन्हा जागी झाली. माझ्या मामेबहिणीचे जावई अमरावतीत नावाजलेले वकील. मी बेबीबाईला एस.टी.त बसवलं आणि मूर्तिजापूर येईपर्यंत तिला शिकवत राहिले: साहेबांना आपण म्हणायचं, मधे बोलायचं नाही, 'मले' नाही 'मला' म्हणायचं.

"मला म्हटल्यानं हात उगवते काय?" तिनं खिडकीतून बाहेर पाहत विचारलं.

जावईबापूंची कचेरी गार होती. पाठीमागे जाड जाड पुस्तकं. त्यांनी मला बसवलं, प्रकृती विचारली, आणि सगळे प्रश्न मलाच विचारले. कुठे झालं? कधी झालं? जबाब काय दिलाय? मी शिकवल्यासारखी उत्तरं देत होते, आणि मधूनमधून हसतही होते, कारण जावई माणूस. बेबीबाई भिंतीशी उभी. शेवटी ती म्हणाली, "साहेब, हात माहा गेला अन् इचारून राह्यले मास्तरीनबाईले."

ते जरा चपापले. मग मोबाईलवरची नजर न काढता म्हणाले, "उजवा होता ना?"

"नाही साहेब. तिसरा होता."

त्यांनी समजावलं, म्हणजे मला समजावलं, की बाईंनी स्वतःच पोलिसांना घरी झालं म्हणून सांगितलंय, यात काही दम नाही, आपसात मिटवून घ्यावं. निघताना त्यांनी सासूबाईंना, म्हणजे माझ्या मामेबहिणीला, नमस्कार सांगितला. जिना उतरताना बेबीबाई माझ्या पुढं होती. एका पायरीवर थांबून ती वळली. "एक सांगा. तिथं तुमी हसत कायले होत्या?" मी पर्स उघडून एस.टी.चे पैसे मोजायला लागले. आज निदान मी त्या बाईला, माझ्यातल्या, ओळखते. तिला नात्यातला माणूस दिसला की अन्याय दिसत नसे.

बाईमाणसाला कोर्टात फुकट वकील मिळतो, हे बेबीबाईनं स्वतः शोधून काढलं. दवाखान्यातल्या एका सिस्टरनं सांगितलं होतं. मी तिला गंभीरपणे म्हटलं, फुकटच्या गोष्टीत काही अर्थ नसतो. मी स्वतः सरकारी दवाखान्यात फुकट डोळे तपासून घेतलेले, तोच चष्मा नाकावर होता.

अकोल्याच्या कोर्टात मोफत कायदेशीर मदतीची एक खोली आहे. तिथून तिला वकील मिळाली ती शबाना, बाळापूरची पोरगी. स्कूटरवरून आलेली, हातात हेल्मेट, ओढणीला तेलाचा डाग. मी ठरवून टाकलं की हिच्याच्यानं काही होणार नाही. तिनं खुर्ची ओढली. "बैठो मौसी. तुम्ही सांगा." मी सांगायला तोंड उघडलं. ती गोड हसून म्हणाली, "काकू, आप जरा बाहर बैठो ना." मी बाकावर जाऊन बसले, फुगून. आतून पहिल्यांदा बेबीबाईचा आवाज आला, मग रडणं, मग दोघींचं हसणं. जावईबापूंकडे ती यातलं काहीच करू शकली नव्हती.

बाहेर आल्यावर बेबीबाई म्हणाली, "पोरगी म्हनते, खोटं सांगतलं हे बी सांगून टाकायचं. त्यावर दुसरं खोटं नाही चढवायचं. कठीन काम देल्लं वो मले."

आणि मग सुरू झाल्या तारखा. तुम्ही कोर्टाची पायरी चढला नसाल तर तारीख म्हणजे काय हे तुम्हाला कळणार नाही. सकाळी भाकरी बांधून जायचं, बाहेर बसायचं, आणि दुपारी कोणीतरी सांगतं की आज जिनाचे वकील आले नाहीत. पुढच्या वेळी त्यांची तब्येत. पुढच्या वेळी शेठच्या घरी लग्न. एका माणसाच्या घरी लग्न म्हणून दुसऱ्या माणसाचा हात पुढच्या महिन्यावर ढकलायचा. आणि मधेच एका कचेरीत हात नसल्याचा दाखला आणायला पाठवलं. तिथल्या बाबूनं वर न पाहता विचारलं, "अपंगत्व कायमचं आहे की तात्पुरतं?" बेबीबाई म्हणाली, "पावसाळ्यात फुटनार हाये म्हनतात. तवा येऊ काय?" मी हसले नाही. मला त्या बाबूच्या टेबलावरचं पाणी त्याच्या डोक्यावर ओतावंसं वाटत होतं. साठीत मी ते केलं नाही. आता करीन.

शेवटी तिची साक्ष झाली. जिनाचे वकील उंच, मधाळ आवाजाचे. "बाई, पोलिसांना तुम्हीच सांगितलं ना, घरी कडबा कापताना हात गेला?"

"हाव. सांगतलं."

"मग आज वेगळं सांगताय?"

"साहेब, माह्या घरी म्हैस नाही. गाय नाही. बकरी बी नाही. पत्र्याची एक खोली हाये, भाड्याची. कडबा कापून का मी जेवत होती?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी मधाळ आवाज थोडा आवरला. "म्हणजे तुम्ही पोलिसांशी खोटं बोललात."

"बोलली. भावानं सांगतलं म्हनून बोलली. थो बसला हाये तुमच्या मागं. इचारा त्याले."

पुढच्या तारखेला बंडू मुकादम पिंजऱ्यात उभा राहिला. जिनाचा साक्षीदार. शबानानं त्याला विचारलं, "या बाईला ओळखता?"

त्यानं ओझरतं पाहिलं आणि म्हणाला, "नाही. जिनात लय बाया येत राह्यतात."

बेबीबाई काही बोलली नाही. हेच मला भयंकर वाटलं. ओरडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर मी तिला आवरलं असतं आणि मला काहीतरी काम मिळालं असतं. ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली, जशी एखादी बाई बाजारात हरवलेलं पोर दुसऱ्याच्या कडेवर दिसलं की पाहील. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हात गेला तेव्हा यंत्रानं निदान अंगावर येऊन नेला होता. हा माणूस तर तिच्या दातांनी बांधलेल्या गाठीवर वर्षभर वावरला आणि आज म्हणतो, ओळखत नाही.

बाहेर आल्यावर शबाना फाईल पुन्हा पुन्हा उलटत होती. जिनातल्या एकीनंही साक्ष द्यायचं कबूल केलं नव्हतं, सगळ्यांना पुढच्या हंगामात काम हवं होतं. बाजू लंगडी पडली होती आणि ते आम्हा तिघींना माहीत होतं.

त्यानंतरच्या तारखेला आम्ही कोर्टात पोचलो तर दाराशी कांता बसलेली. एका हातात डबा, दुसऱ्या हातात कपड्यांची पिशवी. बेबीबाई तटकन थांबली.

"तू कायले आली?"

"जेवून घ्या पयले," कांता म्हणाली.

"पिशवी कायची हाये?"

"घरून निंगाली. मले म्हने कोर्टात गेली तं घरात पाय नोको ठेवू." आणि मग, माझ्या माहितीत आयुष्यातलं तिचं सगळ्यात लांब बोलणं, "तुमाले ओयखत नाही म्हनला थो. मंग मी कोनाची वयनी हाये? म्या कोनाले वाढलं इतकी सालं?"

पिंजऱ्यात तिला जिनाच्या वकिलांनी विचारलं, "या बाई तुमच्या कोण?"

"नणद."

"सख्खी?"

"राखीची."

वकील हसले. म्हणाले, असं नातं कायद्यात बसत नाही. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "नातं राहू द्या. तुम्ही काय पाहिलं ते सांगा, बाई." आणि कांतानं सांगितलं. झाकण कुठं होतं, कोण ओरडलं, यंत्र कोणी बंद केलं, आणि बेबीबाईला टेम्पोत घालताना आपल्या पदरानं तिनं काय बांधलं. तिचा आवाज एकदाही चढला नाही. त्या दिवशी बंडू आला नव्हता. शेठही नव्हते. झाकणाचं ऐकायला त्यांच्या बाजूचे फक्त वकील होते, आणि ते घड्याळ पाहत होते.

कांता पुढचे काही महिने बेबीबाईच्या खोलीत राहिली. पुरणात साखर कमी, भाकरी जाड, झाडू नीट नाही, सगळे शेरे चालू. मी एकदा म्हटलं, "अगं, तिनं घर सोडलं तुझ्यासाठी, आता तरी गोड बोल."

"गोड बोलली तं तिले वाटन मी परकी झाली," बेबीबाई म्हणाली. कांता भाकरी थापता थापता खाली पाहून हसत होती.

राखी आली आणि गेली. मी विचारलं, कोणाला बांधली? म्हणाली, "कोनालेच नाही. गाठ माराले दात दुखतेत माहे."

निकाल लागला तो तिच्या बाजूनं. हात जिनात, जिनाचं काम करताना गेला, भरपाई द्यावी. निकाल इंग्रजीत होता. शबानानं व्हरांड्यात तिला मराठीत सांगितला. बेबीबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "अजून एकडाव सांग पोरी. जोरात." शबानानं जोरात सांगितलं. "अजून जोरात. थे तिकडं उभे हायेत न." जिनाचे वकील पायऱ्या उतरता उतरता थबकले. शबानाचा आवाज फाटेपर्यंत तिनं तीच दोन वाक्यं म्हणवून घेतली. शिपाई धावत आला, शांतता ठेवा म्हणून. बेबीबाई त्याला म्हणाली, "शांतता तं लय सालं ठेवली, भाऊ."

मग शेठ वर गेले, नागपूरला, उच्च न्यायालयात. अजून सगळं अडकलेलं. कायद्यानं त्यांना तो हक्क आहे, मला माहीत आहे. माझं म्हणणं एवढंच की हक्क ज्याच्याकडे गाडी आहे त्याच्याकडे फार पटकन पोचतो.

पुढं माझ्या नवऱ्याच्या आजारपणामुळे आम्ही दोघं अमरावतीला मुलाकडे राहायला आलो. त्यानंतर बेबीबाई मला एकदाच दिसली. मी नातीला घ्यायला बडनेरा स्टेशनवर गेले होते. नागपूरकडे जाणारी गाडी लागली आणि साध्या डब्याच्या खिडकीतून भोंगा वाजला, "मास्तरीनबाई! इतक्या वाळल्या कावून?"

मी धावले. या वयात मी जे करते त्याला धावणं म्हणायची पद्धत आहे. "अगं कुठं निघालीस?"

"नागपूरले. तारीख हाये."

"पण तिथं तुझं काय काम? वकील बोलतात तिथं. तुला जायची गरज नसते."

"शबाना बी हेच म्हनते. म्या म्हटलं, कागद तं तिथं पोचला, हात कोन दाखवीन? मोठे साहेब हायेत, त्यायनं एकडाव डोयानं पाह्यलं पाह्यजे. मांगं जाऊन बसतो, बस. काही बोलत नाही." आणि मग, "जास्त काही बोलत नाही."

शेजारी कांता बसली होती, मांडीवर डबा. तिनं मला पाहून मान हलवली. मी काहीतरी विचारणार तोच गाडी हलली. बेबीबाईच्या समोर बसलेल्या फेट्यातल्या म्हाताऱ्यानं तिच्या रिकाम्या बाहीकडे पाहत सहज विचारलं, "कायनं गेला वो बाई, हात?"

मी खिडकीबरोबर चार पावलं चालले. बेबीबाईनं माझ्याकडची मान वळवली, पदर खोचला, आणि सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "जिनात गेला. बसा, सांगतो. झाकन होतं, पन भिंतीले टेकवून ठेवलं होतं..."

वरच्या फळीवर झोपलेला एक माणूस उठून बसलेला दिसला. मग खिडकी पुढं गेली.